तांबडा रस्सा आणि वाइनचा पेला

मटणाबरोबर रेड वाइन आणि माशांबरोबर व्हाइट वाइन, हा नियम आपल्याकडच्या बऱ्या रेस्टॉरंटांच्या मेन्यूकार्डावर आता सर्रास वाचायला मिळतो. नियम अगदीच खोटा नाही, पण तो ज्या स्वयंपाकघरांत रुजला तिथे मिरची जवळजवळ नव्हती. फ्रान्सच्या बोर्दो भागात मटण शिजते ते लोणी, कांदा आणि सुगंधी पानांच्या संगतीत, तर कोल्हापुरात ते शिजते कांदा-लसूण मसाल्यात. त्यामुळे तांबड्या रश्श्याशेजारी १४ टक्के मद्यार्काची, ओकच्या पिंपात मुरलेली कॅबर्ने सॉव्हिन्याँ ही रेड वाइन मांडली, तर नियम पाळला जातो खरा, पण दोहोंचे तोंडात जमत नाही. रस्सा होता त्याहून जहाल लागतो आणि वाइन कडवट व रुक्ष. पुष्कळ जण याचा दोष वाइनला देतात किंवा आपल्याला वाइनमधले काही कळत नाही अशी स्वतःचीच समजूत घालतात. वास्तविक हा सगळा प्रकार जीभ, लाळ आणि चेतातंतू यांच्या पातळीवर बऱ्यापैकी उलगडून सांगता येतो.

आपल्या परंपरेने षड्रस मानले: गोड, आंबट, खारट, तिखट, कडू आणि तुरट. आधुनिक शरीरशास्त्राच्या यादीत पाच मूलभूत चवी आहेत. त्यांतील चार आपल्या ओळखीच्या, आणि पाचवी उमामी, जी जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये समुद्री शेवाळाच्या सारातून वेगळी काढली. तिखट आणि तुरट यांना या यादीत स्थान नाही, कारण त्यांचे संदेश मुख्यतः रुचिकलिकांकडून येत नाहीत. चेहऱ्यावरील स्पर्श, तापमान आणि वेदना यांची वर्दी मेंदूला देणाऱ्या चेतेमार्फत ते जातात. आपण ज्याला एकंदर ‘चव’ म्हणतो तिचा फार मोठा हिस्सा तर नाकाचा असतो. घास चावताना सुटणारे गंधरेणू घशामागच्या वाटेने नाकात चढतात. नाक चिमटीत धरून वेलदोडा चावला तर थोडा कडवटपणा आणि गारवा एवढेच जाणवते, आणि चिमूट सोडताच वेलदोडा ‘येतो’.

मिरचीतील कॅप्सेसिन हा रेणू तोंडातील चेतातंतूंच्या ज्या प्रथिनाला जाऊन चिकटतो, त्याचे संक्षिप्त नाव टीआरपीव्ही-१. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने ते १९९७ मध्ये शोधले आणि या संशोधनासाठी त्यांना २०२१ च्या वैद्यकशास्त्रातील नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. या प्रथिनाचे मूळ काम मिरची ओळखण्याचे नाही. सुमारे ४३ अंश सेल्सियसपुढची इजा करू शकणारी उष्णता जाणवली की त्यातील सूक्ष्म दार उघडते आणि मेंदूकडे ‘भाजले’ असा संदेश जातो. कॅप्सेसिन हेच दार नेहमीच्या तापमानाला उघडते. म्हणूनच रश्श्याने तोंड ‘भाजते’ ही नुसती बोलण्याची रीत नाही. मेंदूच्या लेखी ते खरोखरच भाजलेले असते.

आता यात मद्यार्काची भर घाला. इटलीतील संशोधकांनी २००२ मध्ये दाखवून दिले की इथेनॉलच्या सान्निध्यात या दाराचा उंबरठा ४२ अंशांच्या आसपासवरून ३४ अंशांपर्यंत खाली येतो. तोंडाचे तापमान त्याहून जास्तच असते. जखमेवर स्पिरिट लावल्यावर किंवा कडक दारूचा घोट घशाखाली उतरताना जी आग होते तिचे हे स्पष्टीकरण आहे. मिरचीने दार आधीच किलकिले केलेले असताना १४ टक्क्यांची वाइन आली की ते आणखी सताड उघडते. मद्यार्कात कॅप्सेसिन विरघळते, तेव्हा दारूने तिखट उतरते, असा युक्तिवाद मैफलीत हमखास ऐकू येतो. विरघळण्याची गोष्ट खरी आहे, पण त्यासाठी लागणारी तीव्रता वाइन-बीअरमध्ये नसते, आणि जी असते ती आग वाढवायला मात्र पुरते.

दुसरा भिडू टॅनिन. द्राक्षाची साल, बिया आणि ओकचे लाकूड यांतून ही द्रव्ये रेड वाइनमध्ये उतरतात. व्हाइट वाइनमध्ये रस सालींपासून लवकर वेगळा केला जात असल्याने तिथे ती नगण्य असतात. आपल्या लाळेत प्रोलीन या अमिनो आम्लाने समृद्ध अशी प्रथिने असतात आणि त्यांच्यामुळे तोंडाचे अस्तर बुळबुळीत राहते. टॅनिन या प्रथिनांना धरून त्यांचा साका करते, वंगण नाहीसे होते आणि जीभ टाळूला घासू लागते. कच्ची सुपारी किंवा हिरवे केळे खाल्ल्यावर होते तेच. चहात दूध घातल्यावर त्याचा तुरटपणा मरतो, कारण तेव्हा टॅनिनला लाळेआधी दुधातील केसीन भेटते. फ्रेंच ताटात हेच काम मांसातील प्रथिने, चरबी आणि चीज करतात आणि वाइन त्यामुळे मऊ लागते. तांबड्या रश्श्यातही मांस आणि तर्री असतेच, पण तिथे तोंडाचे अस्तर मिरचीने आधीच हुळहुळे झालेले असते आणि त्यावर टॅनिनचे खरखरीत पोतेरे फिरते. मटणाशी रेड वाइनचे वैर नाही, तिखटाशी आहे. कमी तिखट आणि खोबऱ्याची गोडी असलेल्या पांढऱ्या रश्श्याबरोबर, किंवा कोळशावर भाजलेल्या साध्या मटणाबरोबर शिराझ ही रेड वाइन उत्तम जाते. शिराझला मिरीचा जो वास येतो त्यामागे रोटंडोन नावाचा रेणू असल्याचे ऑस्ट्रेलियन संशोधकांनी २००८ मध्ये सिद्ध केले. तो काळ्या मिरीतही असतो आणि रेड वाइनच्या एका लिटरमध्ये अवघे १६ नॅनोग्रॅम असला तरी नाकाला कळतो. सुमारे पाचातल्या एका माणसाला मात्र तो जवळजवळ येतच नाही, त्यामुळे एकाच टेबलावर ‘मिरी आहे’ आणि ‘छे, कुठे’ असा वाद झाला तर दोघेही खरे बोलत असण्याची शक्यता आहे.

मग तिखटाबरोबर काय? सोलकढीने याचे उत्तर कधीच देऊन ठेवले आहे. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळते. नारळाच्या दुधातील स्निग्धांश ते जिभेवरून उचलतो आणि कोकमाचा आंबटपणा तोंड स्वच्छ करतो. वाइनमध्ये स्निग्धांश नसतो, पण गारवा, आंबटपणा आणि किंचित साखर असू शकते, आणि साखरेने कॅप्सेसिनची आग कमी जाणवते हे प्रयोगांतून दिसले आहे. म्हणून आपल्या ताटाजवळ शोधायची ती कमी मद्यार्काची, टॅनिन नसलेली, आंबट आणि जराशी गोड व्हाइट वाइन. ही शेनिन ब्लां द्राक्षापासून नाशिकला बनणाऱ्या वाइनची जवळजवळ हुबेहूब ओळख आहे.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. युरोपात द्राक्षवेल हिवाळ्यात झोपते आणि शरद ऋतूत फळ देते. इथे तिला झोप लागेल अशी थंडी नाही आणि फळ पावसात सापडले तर सडते. यावर द्राक्ष बागायतदारांनी दोन छाटण्यांची पद्धत बसवली आहे. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, जिच्यात पुढच्या हंगामासाठी काड्या तयार होतात, आणि पावसाळा सरताना ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी. वाइनच्या द्राक्षांची काढणी मग जानेवारी ते मार्चमध्ये येते. दिवसाच्या उन्हात साखर झपाट्याने चढते आणि द्राक्षातील मॅलिक आम्ल खर्ची पडते, तर थंडीतल्या रात्री ते आम्ल राखतात. काढणी मार्चकडे लांबली की हा तोल ढळतो. शेनिन ब्लां ही मुळातच आम्ल टिकवून धरणारी जात असल्याने तिला ही हवा मानवली. लिटरभर रसातील साधारण १७ ग्रॅम साखरेमागे एक टक्का मद्यार्क तयार होतो. किण्वन, म्हणजे यीस्टने साखरेचा मद्यार्क करण्याची क्रिया, पूर्ण होण्याआधीच टाकी गार करून यीस्टला थांबवले, तर थोडी साखर शिल्लक राहते आणि मद्यार्कही तेवढा कमी चढतो. सुला या वाइन कंपनीने २००० साली नाशिकची शेनिन ब्लां आणि सॉव्हिन्याँ ब्लां बाजारात आणली. त्यांपैकी शेनिनला जाणकार ‘फारच सोपी’ म्हणून नाके मुरडतात, पण मालवणी कोंबडीच्या ताटाशेजारी ती पुष्कळ महागड्या रेड वाइनना मागे टाकते, असे माझे स्पष्ट मत आहे.

बीअरचा हिशेब वेगळा आहे. तिच्यात मद्यार्क बहुधा पाच टक्क्यांच्या आसपास, टॅनिन अल्प, आणि ती गार असते. गारव्याने टीआरपीव्ही-१ चे दार तेवढ्यापुरते लोटले जाते. पण तिच्यातील कार्बन डायऑक्साइडची चुणचुण ही स्वतःच एक सौम्य वेदना आहे. ती बुडबुडे फुटल्याने होते असे वाटते, परंतु बुडबुडे तयारच होणार नाहीत इतक्या हवेच्या दाबाखाली लोकांना सोडायुक्त पाणी पाजून पाहिले तेव्हाही चुणचुण तशीच जाणवली. ती होते वायूपासून तयार होणाऱ्या आम्लाने, आणि ते आम्ल बनवायला कार्बॉनिक अनहायड्रेज हे विकर लागते. उंचीवरच्या त्रासासाठी याच विकराला रोखणारे ॲसेटाझोलामाइड हे औषध घेतलेल्या गिर्यारोहकांना शिखर सर केल्यावर उघडलेली शॅम्पेन मिळमिळीत लागल्याचे अनुभव नोंदलेले आहेत.

बीअरचा कडवटपणा हॉप्सच्या फुलांतून येतो. त्यांतील अल्फा आम्ले वर्टबरोबर, म्हणजे किण्वनाआधीच्या धान्याच्या गोड काढ्याबरोबर, उकळताना रूप बदलतात आणि पाण्यात विरघळणारी, कडू आयसो-अल्फा आम्ले बनतात. जहाल मिसळीबरोबर हॉप्सने ठासून भरलेली आयपीए ही कडू बीअर मागवणे हा मला तरी अत्याचार वाटतो, कारण कडू आणि तिखट दोन्ही रेंगाळणारे, आणि एक ओसरण्याआधी दुसरे हजर. गव्हाची बीअर अशा वेळी बरी. पुण्यात २००९ मध्ये डूलाली ही मायक्रोब्रुअरी, म्हणजे जागेवरच बीअर बनवणारा छोटा कारखाना, सुरू झाल्यापासून अशा ठिकाणी ताजी बीअर मिळू लागली, आणि तिथे बव्हेरियन धाटणीची गव्हाची बीअर आता सर्वत्र दिसते. तिच्यात केळे किंवा लवंग कोणी घातलेली नसते. तिचे खास यीस्ट किण्वनात आयसोॲमिल ॲसिटेट आणि ४-व्हिनिल ग्वायकॉल तयार करते, ज्यांचा वास अनुक्रमे पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा. गरम मसाल्याशी तिचे सूत जुळते ते त्यामुळेच.

चकण्यालाही शास्त्राचा पाठिंबा आहे. पॉल ब्रेस्लिन आणि गॅरी बोशां यांनी १९९७ मध्ये दाखवले की सोडियमचे क्षार कडूपणा दाबतात आणि तो दबल्यावर त्याखालचे इतर स्वाद वर येतात. खारे दाणे तोंडात टाकून घेतलेला बीअरचा घोट गोडसर लागतो तो यामुळे, आणि मीठ तहानही वाढवते हे बारमालकांना कोणी सांगायला नको. गच्चीवर बसणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट: बीअर उन्हात ठेवू नये. प्रकाशाने तिच्यातील रायबोफ्लेविन उद्दीपित होते, त्यातून आयसो-अल्फा आम्ले मोडतात आणि गंधकयुक्त, उग्र वासाचा थायॉल तयार होतो, जो नाकाला अब्जांशाहूनही कमी प्रमाणात कळतो. तपकिरी बाटली हा प्रकाश बराच अडवते, हिरवी फारसा नाही, आणि ग्लास तर मुळीच नाही. थेट उन्हात काही मिनिटे पुरतात.

माशांच्या बाबतीत मात्र जुना नियम खरा ठरतो. जपानच्या मर्शियन या वाइन कंपनीतील संशोधकांनी २००९ मध्ये कितीतरी वाइन शिंपल्यांच्या मांसाबरोबर चाखून पाहिल्या. घोटानंतर तोंडात राहणाऱ्या हिवसपणाचा संबंध रंगाशी किंवा टॅनिनशी नव्हे, तर वाइनमधील लोहाशी निघाला. लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या वर लोह असले की तो जाणवे, आणि लोह बांधून टाकले की नाहीसा होई. लोहामुळे माशातील तेलाच्या विघटनातून वास मारणारे रेणू तयार होतात. रेड वाइनमध्ये लोह जास्त सापडते, म्हणून बदनामी तिची. याच न्यायाने बांगडा आणि तारली या तेलकट माशांबरोबर धोका अधिक आणि पापलेटबरोबर कमी असावा, असा माझा तर्क आहे.

बाहेर जेवताना आणखी दोन गोष्टी चवीत लुडबुडतात. बोर्दो विद्यापीठात वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना व्हाइट वाइन गंधहीन लाल रंग घालून दिली, तेव्हा त्यांनी तिचे वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केले. हे संशोधन २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात तीच वाइन एकदा १० आणि एकदा ९० डॉलरची म्हणून पाजली. लोकांना ९० डॉलरवाली अधिक आवडली, एवढेच नव्हे तर मेंदूतील सुखद अनुभवाशी निगडित भागही तेव्हा जास्त सक्रिय झाला. म्हणजे ते शिष्टाचार म्हणून खोटे बोलत नव्हते. किंमत ठाऊक नसेल तर चव कशी लागते हे पाहायचे असल्यास घरी बाटलीला वर्तमानपत्र गुंडाळून ओतावी.

घरचा दुसरा फायदा तापमानावर ताबा हा आहे. रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी असे सांगणाऱ्यांची खोली युरोपातली, म्हणजे १६ ते १८ अंशांची. मे महिन्यात पुण्याच्या कपाटातून काढलेल्या बाटलीत मद्यार्काची वाफच आधी नाकात शिरते आणि फळांचा वास मागे पडतो; ओतण्यापूर्वी अर्धा तास ती फ्रिजमध्ये ठेवावी. उलट बर्फात बुडवलेल्या बीअरचे गंधरेणू उडतच नाहीत आणि थंडीने चवही बोथट होते. काही बीअरसाठी ती सोयच असते.

शेवटी गोड पदार्थ. जिभेला साखरेची सवय झाली की त्यापेक्षा कमी गोड असलेले सर्व काही आंबट लागते. त्यामुळे पुरणपोळीनंतर कोरडी व्हाइट वाइन नुसते लिंबूपाणी वाटते. पेय पदार्थाहून गोड हवे, आणि पुरणपोळीच्या पुढे टिकेल असे नाशिकमध्ये एकच: वेलीवर जास्त दिवस ठेवून साखर वाढवलेल्या द्राक्षांची लेट हार्वेस्ट शेनिन ब्लां, चांगली गार करून, छोट्या पेल्यात.