ग्रीस निप्पल : प्रकार आणि निवड

बेअरिंग, बुश, पिन किंवा जॉइंटच्या आत दाबानं ग्रीस सोडता यावं म्हणून मशीनवर कायमची बसवलेली छोटी एकमार्गी झडप म्हणजे ग्रीस निप्पल. आत एक गोळी आणि तिच्यामागं बारीक स्प्रिंग, ग्रीस गनचा (दाबानं ग्रीस भरायच्या साधनाचा) दाब आला की गोळी मागं सरते आणि ग्रीस आत जातं, दाब गेला की गोळी परत तोंडावर बसते, ग्रीस मागं येत नाही आणि धूळ आत जात नाही. कोल्हापुरात उद्यमनगरच्या दुकानात नुसतं 'निप्पल' म्हटलं तरी कळतं. 'झर्क' आणि 'अलेमाइट' ही नावं आपल्याकडं बहुतेक बाहेरून आलेल्या मशीनच्या मॅन्युअलमध्येच दिसतात.

उगम : निप्पल यायच्या आधी ग्रीस कप होते, म्हणजे वाटीत ग्रीस भरायचं आणि वरची टोपी अधूनमधून पिळायची, जुन्या चरकांवर आणि इंजिनांवर ते अजून बघायला मिळतात. दाबानं ग्रीस भरायची पद्धत साधारण पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत आली. शिकागोच्या अलेमाइट डाय कास्टिंग कंपनीतल्या आर्थर गुलबोर्ग यांच्याकडं तिचं श्रेय जातं, आणि त्या निप्पलला आडवी पिन असायची, गनच्या नळीचं टोक त्या पिनेत अडकवून फिरवायला लागायचं. दुसरं नाव ऑस्ट्रियात जन्मलेल्या ऑस्कर झर्क यांचं. त्यांचं निप्पल नुसतं दाबून धरायचं होतं, अडकवायची भानगड नाही, माणूस गन टेकवून जोर लावायचा आणि त्याच जोरानं तोंड सील व्हायचं. त्यांचं पेटंट बहुतेक ठिकाणी जानेवारी १९२९ चं म्हणून दिलेलं असतं, पण असे निप्पल त्याच्या आधी काही वर्षं, १९२० च्या दशकातच बाजारात होते, त्यामुळं 'शोध १९२९ चा' असं सरळ लिहिणं जपूनच करावं. आज आपण वापरतो त्या निप्पलच्या डोक्याला मानेसारखी खाच असते, गनच्या कपलरचे, म्हणजे नळीच्या टोकाच्या पकडीचे, जबडे त्या मानेला पकडतात, आणि हा प्रकार साधारण १९३० च्या दशकात रुळला असं दिसतं. म्हणून आजच्या निप्पलला सरसकट 'झर्क' म्हणण्यापेक्षा गोळी आणि झडप जुनी, पकड नंतरची, असं दोन टप्प्यांत बघणं जास्त पटतं.

डोक्याचे प्रकार : सगळ्यात जास्त चालतो तो शंकूच्या डोक्याचा, जर्मन मानक डीआयएन ७१४१२, भारतीय मानक आयएस ४००९. सरळ, ४५ अंश आणि ९० अंश असे तीन. दुसरा चपट्या बटणासारख्या डोक्याचा, डीआयएन ३४०४, व्यास १६ किंवा २२ मिमी, कपलर बाजूनं सरकवून अडकवायचा. जड मशीन, मोठं बेअरिंग, जास्त ग्रीस असं काम असेल तिथं हाच बरा, कारण भरताना कपलर निसटत नाही. तिसरा डीआयएन ३४०५, डोकं जवळजवळ पृष्ठभागाबरोबर, जिथं निप्पल वर आला की काहीतरी घासून तुटणार तिथं.

आटे : निवडीत खरा घोटाळा इथंच होतो आणि मशीनचं नुकसानही इथंच, म्हणून थोडं सविस्तर. आपल्याकडं पाच-सहा तऱ्हेचे आटे एकाच डब्यात पडलेले असतात : मेट्रिक एम ६ × १ (व्यास ६ मिमी, पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर १ मिमी), एम ८ × १, एम १० × १, ब्रिटिश पाइपचा १/८ बीएसपी, अमेरिकन पाइपचा १/८ एनपीटी, आणि जुन्या किंवा आयात मशीनवर इंची बारीक आट्याचा १/४-२८ यूएनएफ. आता मापं बघा. १/८ बीएसपीचा बाहेरचा व्यास ९.७३ मिमी, इंचाला २८ आटे म्हणजे पिच ०.९०७ मिमी, कोन ५५ अंश. १/८ एनपीटी साधारण १०.२९ मिमी, इंचाला २७ आटे, पिच ०.९४१, कोन ६० अंश. एम १० × १ चा व्यास १० मिमी, पिच १, कोन ६०. तिन्ही हातात घेतले तर डोळ्याला सारखेच, आणि निप्पलचे आटे बहुतेक निमुळते असल्यामुळं चुकीचा निप्पलसुद्धा एकदोन फेरे सहज आत जातो, मग घट्ट होतो, फिटरला वाटतं बसला, तो अजून एक फेरा पान्यानं ओढतो आणि कास्टिंगचे आटे खरवडून निघतात. पातळ बॉस (भोकाभोवतीचा उंचवटा) असलेलं बीडाचं प्लमर ब्लॉक, म्हणजे बेअरिंगचं घर, असेल तर तडासुद्धा जातो. असा निप्पल एकतर ग्रीस आट्यातून बाहेर टाकतो नाहीतर चालत्या मशीनवर सुटून पडतो आणि भोक उघडं राहतं.

त्यात आपल्या बोलीची भर. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, त्यामुळं १/८ ला 'एक सूत' म्हणायचं, पण एक सूत म्हणजे ३.१७५ मिमी आणि निप्पलचा आटा तर पावणेदहा मिमीचा. कारण हे माप जुन्या पाइपच्या आतल्या भोकाचं नाव आहे, आट्याचं नाही. 'पाव इंची' म्हटलं की आणखी पंचाईत : १/४ बीएसपी म्हणजे १३.१६ मिमी, आणि १/४-२८ यूएनएफ म्हणजे खरोखरचा पाव इंच, ६.३५ मिमी. दोघांनाही पाव इंचीच म्हणतात. यूएनएफवाल्याची परत एम ६ शी गल्लत होते. म्हणून दुकानात तोंडी माप सांगण्यापेक्षा जुना निप्पल खिशात घालून जावं, व्हर्नियर आणि पिच गेज लावून बघावं. गेज नसेल तर पट्टीवर पाच पिचचं अंतर मोजावं : मेट्रिक १ मिमी पिचच्या आट्याला ५ मिमी, बीएसपीला साडेचारच्या जवळ, एनपीटीला ४.७. जुना निप्पल हरवला असेल तर भोकात हातानं फिरवून बघायचं, पाना न लावता तीन-चार फेरे मोकळे गेले पाहिजेत. मेट्रिक निप्पलला षटकोन साधारण एम ६ ला ७ मिमी, एम ८ ला ९, एम १० ला ११ असतो, त्यावरूनही ओळख पटते.

कोन आणि जागा : गन सरळ पोचते का हे मशीन बंद असताना गार्ड लावून बघायचं, गार्ड काढून नाही. ९० अंशाचा निप्पल जिथंतिथं लावायची सवय असते, पण तो बाहेर आलेला असल्यानं ट्रॉलीच्या शॅकलवर (स्प्रिंगपाटा जोडणाऱ्या कडीवर) दगड लागून वाकतो. तिथं सरळच बरा.

धातू : जस्त चढवलेलं स्टील बहुतेक कामांना पुरतं. पण कोल्हापूर परिसरात तीन ठिकाणी नुसतं तेवढं बघून भागत नाही. एक, साखर कारखाना आणि गुऱ्हाळ. उसाचा रस आम्लधर्मी, वरून धुण्याचं पाणी, आणि गाळप संपल्यावर मशीन पावसाळाभर उभं, मग नोव्हेंबरच्या तोंडावर गन लावली की गोळी गंजून बसलेली. तिथं स्टेनलेस ३०४ घ्यावा, महाग पडला तरी, आणि हंगाम संपताना ताजं ग्रीस भरून टोपी घालावी. चरकाचं ग्रीस रसात पडायची शक्यता असेल तर ग्रीससुद्धा खाद्य उद्योगासाठीचं एच १ वर्गाचं पाहिजे, नुसता निप्पल बदलून भागत नाही. दुसरं, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्या. सँड प्लांट आणि शॉट ब्लास्टिंगजवळ वाळूची धूळ निप्पलच्या तोंडावर बसते आणि न पुसता गन लावली की तीच वाळू बेअरिंगमध्ये जाते, म्हणजे ग्रीस भरून बेअरिंग मारल्यासारखं. इथं प्लास्टिकची टोपी हवीच, आणि चिंधी फिटरच्या खिशात. तिसरं, ऊस वाहतुकीचे ट्रॅक्टर-ट्रॉल्या, चिखल आणि धक्के. पितळी निप्पल दिसायला चांगला पण मऊ, कपलरचे जबडे त्याची मान झिजवतात.

दाब आणि ग्रीसचं प्रमाण : हातगनमधून काहीशे बारपर्यंत दाब येतो आणि साधं ऑइल सील जेमतेम अर्ध्या बारच्या आसपासचा दाब सोसतं, त्यामुळं 'बाहेर दिसेपर्यंत मारा' हा नियम सील असलेल्या बेअरिंगला लावायचा नाही. तिथं ग्रीस बाहेर जायची वाट किंवा रिलीफ निप्पल (जास्तीचा दाब बाहेर सोडणारा) असावा. पुन्हा भरायचं ग्रीस काढायचा रूढ हिशोब सोपा आहे, बेअरिंगचा बाहेरचा व्यास गुणिले रुंदी गुणिले ०.००५, मापं मिमीत आणि उत्तर ग्रॅममध्ये. २२२१६ क्रमांकाचं बेअरिंग असेल तर १४० × ३३ × ०.००५ म्हणजे साधारण २३ ग्रॅम. आपली गन एका दाबाला किती ग्रॅम टाकते हे दहा दाब कागदावर मारून वजन करून घ्यावं, प्रत्येक गनचं वेगळं असतं. बहुतेक ठिकाणी एनएलजीआय २ (ग्रीसच्या घट्टपणाची श्रेणी) चालतं. लिथियम ग्रीसमध्ये पॉलियुरिया ग्रीस मिसळू नये.

निप्पल ग्रीस घेत नसेल तर लगेच तो बदलू नये, आधी कपलर दुसऱ्या निप्पलवर लावून बघावा, बऱ्याच वेळा जबडे झिजलेले असतात आणि दोष निप्पलवर जातो. निप्पल काढून तोंडातून हवा मारून बघावी. तोही मोकळा निघाला तर आतल्या वाटेत ग्रीस वाळलंय. अशा वेळी जास्त जोर लावणं किंवा गनच्या तोंडावर बोट ठेवून बघणं धोक्याचं आहे. दाबाखालचं ग्रीस बोटात शिरलं तर बाहेर टाचणीएवढंच छिद्र दिसतं, दुखतही फारसं नाही, पण आत पेशी मरत असतात. उशीर झाला तर बोट जातं, म्हणून कामगाराला त्याच तासात शल्यचिकित्सकाकडं न्यावं आणि कोणतं ग्रीस होतं ते सांगावं.