गुरूचे चंद्र आणि देवांचा गोतावळा

आयो, युरोपा, गॅनिमिड, कॅलिस्टो. गुरूच्या चार मोठ्या चंद्रांची ही नावं शाळेत घोकून घेतात. गॅलिलिओला ते १६१० मध्ये दिसले, हेही सांगतात. ही चौघं ग्रीक देवराज झ्यूसच्या प्रेमप्रकरणांतली पात्रं आहेत, हे मात्र सहसा राहून जातं. ते सांगितलं की वर्गात दोन-चार जणांचे कान टवकारतात. वर २०११ मध्ये गुरूकडे निघालेल्या यानाचं नाव जूनो, म्हणजे त्याच देवराजाच्या रोमन अवताराची, ज्युपिटरची, बायको!

पण कान टवकारले म्हणजे आवड लागली असं नाही. हिडी आणि रेनिंजर या संशोधिकांनी २००६ मध्ये आवडीचे चार टप्पे मांडले: क्षणिक कुतूहल, वर्गाच्या आधाराने तगलेलं कुतूहल, मूल स्वतःहून प्रश्न विचारू लागणं, आणि शेवटी मुरलेली आवड. आधार मिळाला नाही तर आवड कुठल्याही टप्प्यावर विरून जाऊ शकते. अनेक देव असलेल्या धर्माचं इथे फावतं, कारण प्रत्येक देवाचं खातं वेगळं आणि नात्यांचा गुंता मोठा. एक धागा ओढला की दुसरा हाती येतो.

शिवाय हे देव लक्षात राहायला सोपे. मानवशास्त्रज्ञ पास्कल बॉयर यांच्या मांडणीनुसार बाकी सगळं ओळखीचं आणि एखादीच गोष्ट जगाच्या नियमाबाहेरची, अशी कल्पना स्मरणात घट्ट बसते. ग्रीक देव हर्मीस थापा मारतो, गुरं चोरतो; फक्त त्याच्या चपलांना पंख आहेत. एकाच देवावर दहा चमत्कार लादले, तर मुलांना धड एकही आठवत नाही.

बिघडतं ते बहुधा परीक्षेच्या गुणांपाशी. १९७३ च्या एका प्रयोगात चित्रं काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांना आधीच बक्षीस कबूल केलं. पुढे मोकळ्या वेळात ती कमी चित्रं काढू लागली. बक्षीस अचानक मिळालेल्यांचं तसं झालं नाही. म्हणून चाचणीच नको, असं मात्र नव्हे. वाचलेलं आठवून लिहिलं तर ते पुन्हा वाचण्यापेक्षा आठवड्याने जास्त लक्षात राहतं. तेव्हा पुस्तक मिटून पाच मिनिटं देवांची वंशावळ काढायला लावावी, गुण न देता.

मोठेपणी कुणी म्हणतं, ‘त्या एका धड्याने मला या देवांचं वेड लावलं.’ हे जपून ऐकावं. आठवण आजच्या आवडीनुसार नव्याने रचली जाते, आणि तोच धडा वाचून विसरून गेलेल्या बाकीच्या वर्गाला कुणी विचारायला जात नाही.