सिलिकॉनला लोखंड सोसत नाही

वाळूज एमआयडीसीतल्या सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या, मशीनवर धातू कापायला नखाएवढी सोनेरी टिप असते. धार गेली की ऑपरेटर स्क्रू ढिला करतो, कोपरा फिरवतो आणि जॉब पुन्हा लावतो. सोनेरी रंग टायटॅनियम नायट्राइडच्या पातळ थराचा. आत टंगस्टन कार्बाइड. ते अतिशय कठीण, पण ठिसूळही तितकंच. म्हणून त्याच्या भुकटीत बहुधा ६ ते १० टक्के कोबाल्ट मिसळून, दाबून, सुमारे १४०० अंश सेल्सिअसला तापवतात. कोबाल्ट वितळून कणांच्या फटींत शिरतो आणि त्यांना घट्ट धरून ठेवतो. कोबाल्ट नसता तर टिप पहिल्याच दणक्याला तुटली असती.

वाळूज सोडून शिवाराकडे निघालं की सौर कृषी पंपांची पॅनेलं दिसतात. त्यांतल्या सिलिकॉनमध्ये परका धातू टक्क्यांत मोजायची सोयच नाही. ५,००० कोटी अणूंमागे लोखंडाचा एक अणू असला तरी वीज घटते. गंमत अशी, की बऱ्याच पॅनेलांत बोरॉन मात्र ५० लाख अणूंमागे एक या हिशेबानं मुद्दाम घातलेला असतो.

लोखंडाचं असं का? ऊन पडलं की सिलिकॉनमधला इलेक्ट्रॉन सुटतो आणि मागे रिकामी जागा राहते. दोघं वेगवेगळ्या टोकांना पोचले तरच वीज मिळते. लोखंडाचा अणू वाटेत इलेक्ट्रॉनला पकडतो, रिकाम्या जागेशी त्याची गाठ घालून देतो आणि मिळालेली ऊर्जा उष्णतेत जाते. एवढं करून तो अणू खर्च होत नाही. लगेच पुढचा इलेक्ट्रॉन धरायला मोकळा! इतकं थोडं लोखंड एवढं नुकसान करतं ते यामुळेच.

म्हणून कच्च्या सिलिकॉनपासून ट्रायक्लोरोसिलेन नावाचा द्रव करून ते पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातित करतात. ते ३२ अंशांच्या आसपास उकळतं, म्हणजे परभणीच्या मे महिन्यात भट्टीही लागू नये. पुढे त्यापासून पुन्हा सिलिकॉन मिळवतात, आणि ते वितळवून त्यातून स्फटिक ओढताना बहुतेक लोखंड मागे द्रवातच राहतं.

तरी थोडं उरतंच. त्यावरचा उपाय मला सगळ्यात देखणा वाटतो. बोरॉन घातलेल्या सिलिकॉनचा नेहमीचा सेल बनवताना पृष्ठभागात फॉस्फरस मुरवावाच लागतो. त्या ८०० अंशांवरच्या तापात आतलं लोखंड सरकत सरकत फॉस्फरसच्या थरात जाऊन बसतं. तिथं त्याचा उपद्रव फार कमी.