अफारची खचदरी आणि आपल्या पायाखालचं खंभात

२४ नोव्हेंबर २०२५ च्या संध्याकाळी गुजरातच्या आकाशात इथिओपियातली राख शिरली. आदल्या दिवशी तिथला हायली गुब्बी हा ज्वालामुखी फुटला होता. लिखित इतिहासात त्याच्या उद्रेकाची नोंदच नव्हती. राख सुमारे चौदा किलोमीटर उंच उडाली आणि वरच्या वाऱ्यांबरोबर तांबडा समुद्र, येमेन, ओमान ओलांडत आपल्याकडे आली, पुढे राजस्थान-दिल्लीकडे गेली. विमानांची उड्डाणं रद्द करावी लागली. ज्वालामुखीची राख म्हणजे खडकाचे आणि काचेचे बारीक तुकडे. जेट इंजिनात ते वितळतात आणि पात्यांवर पुन्हा घट्ट बसतात. ढग फार उंचावर असल्याने बडोदेकरांना तसं काही जाणवलं नाही, आणि बातमीही लगेच विरली. पण ही राख जिथून आली तो प्रदेश बडोद्याच्या माणसाने नीट समजून घ्यावा असा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या परिसरात काय चाललं असेल, याचा अंदाज तिथे येतो.

त्या प्रदेशाचं नाव अफार. तांबडा समुद्र, अदनचं आखात आणि पूर्व आफ्रिकेची खचदरी (जमीन ताणली जाऊन खचल्याने झालेली लांब दरी) या तीन भेगा तिथे एकत्र येतात. अरबस्तानचा भूपट्ट ईशान्येला सरकतोय, सोमालियाचा पूर्वेला, आणि उरलेला आफ्रिका मागे राहतोय. मळलेली कणीक दोन्ही हातांनी ताणली की मधे पातळ होते, तसं इथलं भूकवच पातळ होऊन खचलं आहे. ताणण्याचा वेग वर्षाला दीड-दोन सेंटिमीटर. त्याखाली पृथ्वीच्या प्रावरणातून, म्हणजे कवचाखालच्या जाड थरातून, तप्त खडक वर येत असतो. वर आल्यावर दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की उष्णता न वाढताही तो थोडा वितळतो. हाच शिलारस.

वर्षाला दीड-दोन सेंटिमीटर हे सरासरीचं गणित झालं. प्रत्यक्षात जमीन शतकानुशतकं ताण सोसते आणि मग एकदम फाटते. सप्टेंबर २००५ मध्ये अफारमधल्या डब्बाहू ज्वालामुखीच्या परिसरात हे घडलं. काही आठवड्यांतच साठ किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात भेग पडली, आणि जमीन काही ठिकाणी आठ मीटरपर्यंत रुंदावली. म्हणजे चारशे-पाचशे वर्षांचं अंतर महिन्याभरात. उपग्रहांच्या रडारने ही हालचाल टिपली, म्हणून ती इतकी नेमकी कळली. भेगेत शिरलेला शिलारस जवळजवळ सगळा जमिनीखालीच राहिला आणि तिथेच गोठू लागला. वर आलं ते एका छोट्या तोंडातून उडालेली राख आणि हलका, सच्छिद्र दगड. पुढच्या पाच वर्षांत याच पट्ट्यात आणखी डझनभर वेळा शिलारस घुसला. समुद्राच्या तळाशी नवा खडक असाच तयार होतो, फक्त तिथे वर तीन-चार किलोमीटर पाणी असतं. कोरड्या जमिनीवर उभं राहून हे पाहता येईल अशा जागा फार थोड्या, आणि त्यांत अफार आहे.

अफारच्या उत्तरेला दानाकिलचा खोलगट भाग आहे. तो समुद्रसपाटीपासून शंभर मीटरहून अधिक खाली आहे. तांबड्या समुद्राचं पाणी इथे अनेकदा शिरलं, वाट बंद झाल्यावर आटलं आणि मीठ ठेवून गेलं. हा मिठाचा थर काही ठिकाणी किलोमीटरहून जाड आहे. काठावर प्रवाळांचे खडक सापडतात. सव्वा लाख वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता. अफार लोक आजही या मिठाच्या लाद्या कुऱ्हाडीने तोडून, तासून, उंटांवर लादून नेतात. १९६० च्या दशकात इथल्या दल्लोलमध्ये वर्षाचं सरासरी तापमान चौतीस अंशांच्या वर नोंदलं गेलं. सरासरी, तेही दिवस-रात्र आणि बारा महिने धरून! त्या उन्हात कुऱ्हाड चालवणाऱ्या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो.

दल्लोलचे झरे जवळून पाहायला हवेत. खालच्या शिलारसाने तापलेलं पाणी मिठाच्या थरांतून वर येतं, येताना मीठ, लोह आणि आम्लधर्मी वायू विरघळवून घेतं. झऱ्याच्या तोंडाशी ते शंभर अंशांच्या वर असतं. इतक्या खारट पाण्याचा उत्कलनबिंदूच वाढलेला असतो. तोंडाभोवती पांढऱ्या मिठाची बोंडं साचतात. त्यालगतच्या डबक्यात पाणी हिरवं, कारण त्यातल्या लोहाला अजून पुरेसा ऑक्सिजन लागलेला नाही. जसजसा लागतो तसतसा रंग पिवळा, मग केशरी, शेवटी गंजासारखा तपकिरी. झरा जुना की नवा, हे रंगावरून ओळखता येतं. या पाण्यात जीव आहेत का, यावर २०१९ मध्ये दोन गटांनी परस्परविरुद्ध निष्कर्ष दिले. एकाला अतिसूक्ष्म जीव सापडले. दुसऱ्याच्या मते सर्वांत तीव्र डबक्यांत काहीच जगत नाही. जे सापडतं ते बाहेरून आलेलं किंवा नुसते खनिजकण. मला दुसरी बाजू अधिक पटते. आम्ल, उष्णता, खारटपणा हे एकेकटे झेलणारे जीव आहेत, पण तिन्ही एकत्र, त्यात वर मॅग्नेशियमचे क्षार, म्हणजे पेशीला पाणी असून नसल्यासारखं.

आता बडोदं. खंभातच्या आखाताजवळ कच्छ, खंभात आणि नर्मदा अशा तीन खचदऱ्या एकत्र येतात, आणि बडोदं खंभातच्या खचदरीच्या पूर्व कडेला वसलं आहे. अफारशी साम्य आहे, पण फरकही आहे. या तीन भेगा एकाच वेळी उघडल्या नाहीत. कच्छची आधी, मग खंभातची, नर्मदेची शेवटी. अफारच्या शेजारी तीन कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे प्रचंड थर पसरले आणि इथिओपियाचं पठार झालं. आपल्याकडे तेच साडेसहा कोटी वर्षांपूर्वी झालं, त्यातून दख्खनचं पठार आलं. मग सेशेल्स भारतापासून सुटला, फाटण्याचं काम पश्चिमेला अरबी समुद्रात सरकलं, आणि आपल्या भेगा अर्ध्यावर थांबल्या. खंभातची दरी मात्र खचत राहिली. लाव्ह्याच्या थरांवर समुद्राचा आणि नद्यांचा गाळ साचत गेला, त्यातले जैविक अवशेष तापले, मुरले. १९५८ मध्ये लुणेजला आणि १९६० मध्ये अंकलेश्वरला तेल लागलं ते याच गाळात. कोयलीची रिफायनरी इथे उभी राहिली, त्याचं मूळ या अर्धवट राहिलेल्या समुद्रात आहे.

लाव्हा प्रत्यक्ष बघायचा तर पावागडला जावं. देवीच्या दर्शनाला आपण जातोच. खालचा डोंगर काळ्या बेसॉल्टच्या थरांचा, आणि माथ्याकडे फिकट रंगाचा रायोलाइट. शिलारस जमिनीखाली रेंगाळला, त्यातले जड खनिजकण आधी गोठून वेगळे झाले, की उरलेल्या रसात सिलिका (वाळूचा मुख्य घटक) वाढते आणि असा दगड बनतो. डब्बाहूजवळ २००५ मध्ये उडालेला हलका दगडही याच सिलिकायुक्त जातीचा होता.

भेगा थांबल्या, तरी त्यांचे भ्रंश, म्हणजे ज्यांवरून खडक सरकतात त्या चिरा, गेले नाहीत. आता भारत उत्तरेला आशियावर रेटला जातोय, त्यामुळे एके काळी ताणून उघडलेले हे भ्रंश दाबले जात आहेत आणि त्यांवर जमीन उलट्या दिशेने सरकते: जो भाग तेव्हा खाली घसरला, तो आता वर चढतो. २६ जानेवारी २००१ च्या सकाळी बडोद्यात पंखे झुलले, भांडी वाजली, तो भूकंप कच्छच्या खचदरीतल्या अशाच उलट सरकण्याने झाला होता.