जपानी किल्ले, मंदिरे व देवस्थाने : युद्धकालीन विध्वंस आणि पुनर्बांधणी

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षात, मुख्यतः मार्च ते ऑगस्ट १९४५ या काळात, जपानमधील ऐतिहासिक वास्तूंची झालेली हानी आणि त्यांपैकी काहींची पुढे झालेली उभारणी हा या नोंदीचा विषय आहे. ‘मंदिर’ हा शब्द येथे बौद्ध मंदिरासाठी (तेरा, जी) आणि ‘देवस्थान’ हा शिंतो उपासनास्थळासाठी (जिंजा, जिंगू) योजला आहे. किल्ल्यांच्या बाबतीत विवेचन बहुतांशी ‘तेन्शु’चे, म्हणजे बालेकिल्ल्यातील सर्वांत उंच अशा अनेकमजली मनोऱ्याचे आहे. किल्ला म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे काळ्या पाषाणाचे तट आणि बुरूज उभे राहतात. जपानी किल्ल्यात दगड जोत्याला आणि खंदकाच्या भिंतींना. त्यावरचे सारे बांधकाम लाकूड, माती, चुना आणि कौले यांचे. त्यामुळे १९४५ मध्ये पुष्कळ ठिकाणी जोती राहिली आणि वरचे सर्व एका रात्रीत गेले.

पूर्वस्थिती : किल्ल्यांचा ऱ्हास युद्धाच्या बऱ्याच आधी सुरू झाला होता. मेजी शासनाने १८७३ मध्ये लष्कराला हवे तेवढे किल्ले ठेवून बाकीचे मोडीत काढण्याचा हुकूम दिला, तेव्हा अनेक तेन्शु पाडले गेले किंवा लाकडाच्या भावाने विकले गेले. १९४५ च्या आरंभी जुने असे सुमारे २० तेन्शु उभे होते, असे सामान्यतः मानतात. मितो येथील तीनमजली बुरुजाला तेन्शु म्हणायचे की नाही, यावर हा आकडा एकाने कमीअधिक होतो. येथे मितोचा बुरूज धरला आहे. मंदिरे व देवस्थाने यांना १८९७ च्या कायद्याने संरक्षण मिळाले. १९२९ च्या कायद्याने किल्ल्यांनाही ‘कोकुहो’ (राष्ट्रीय ठेवा) हा दर्जा देण्याची वाट मोकळी झाली आणि पुढच्याच वर्षी नागोयाच्या किल्ल्याला तो मिळाला. १९५० च्या कायद्याने ही वर्गवारी नव्याने केली, म्हणून युद्धपूर्व ‘कोकुहो’ आणि आजचा ‘कोकुहो’ यांची गल्लत करू नये. जुन्या अर्थाने कोकुहो असलेल्या दोनशेहून अधिक वास्तू युद्धात नष्ट झाल्या.

विध्वंस : हवाई हल्ल्यांत वापरलेले आगलावे बॉम्ब लाकडी वस्तीसाठीच योजलेले होते आणि किल्ले तर शहरांच्या मधोमध, बहुधा लष्करी छावण्यांना लागून होते. नागोयाचा तेन्शु १४ मे रोजी जळाला. ओकायामा २९ जून, वाकायामा ९ जुलै, ओगाकी २९ जुलै, मितो २ ऑगस्ट, हिरोशिमा ६ ऑगस्ट आणि फुकुयामा ८ ऑगस्ट. तीन महिन्यांच्या आत सात तेन्शु गेले. आठवा मात्सुमाए येथील. तो १९४९ मध्ये साध्या आगीत जळाला, त्याची गणना युद्धहानीत करू नये. आज मूळ स्वरूपात उरलेले तेन्शु १२ आहेत. हिमेजी त्यांत सर्वांत मोठा. त्याच्या पांढऱ्या भिंती युद्धकाळात काळ्या जाळ्यांनी झाकल्या होत्या. त्याच्या वरच्या मजल्यावर पडलेला बॉम्ब फुटलाच नाही, असे सांगतात.

हिरोशिमाच्या तेन्शुविषयी एक मुद्दा स्पष्ट करणे आवश्यक आहे. तो अणुबॉम्बने ‘जळाला’ असे अनेक ठिकाणी छापलेले आढळते. स्फोटकेंद्रापासून सुमारे एक किलोमीटरवर असलेला हा मनोरा हवेच्या दाबाने कोसळला. तो अख्खा उडून दूर फेकला गेला, असेही पूर्वी समजत. छायाचित्रांच्या अभ्यासानंतर खालच्या मजल्यांचे खांब मोडून वरचा भार जागीच खाली बसला असावा, हे मत अधिक ग्राह्य ठरले आहे. ढिगाऱ्यातील लाकूड पुढे निराश्रित लोकांनी सरपणासाठी व झोपड्यांसाठी नेले, असे दिसते.

क्योटो का वाचले? : या प्रश्नावर बरेच लिहिले गेले आहे. नोव्हेंबर १९४५ पासून जपानी वृत्तपत्रांतून एक कथा पसरली : लँग्डन वॉर्नर या अमेरिकन कलातज्ज्ञाने सांस्कृतिक वास्तूंची यादी करून दिली आणि तिच्यामुळे क्योटो व नारा वाचले. वॉर्नर यांनी स्वतः हे श्रेय नाकारले. तरीही होर्यूजी मंदिराजवळ त्यांचे स्मारक उभे राहिले. यादी खरोखरच होती. ती लष्करी प्रशासनाच्या पुस्तिकेचा भाग होती आणि तिचा हेतू ताबा मिळाल्यानंतरच्या व्यवस्थेचा होता. बॉम्बफेकीची लक्ष्ये ठरवणे हे तिचे कामच नव्हते, आणि तिच्यात नोंद असलेल्या काही वास्तूही पुढे जळाल्या.

दुसरीकडे, मे १९४५ मध्ये अणुबॉम्बसाठी लक्ष्ये निवडणाऱ्या समितीने क्योटोला पहिल्या पसंतीत घातले होते. इतिहासकार मोरिओ योशिदा यांच्या मते, क्योटोवर मोठे आगलावे हल्ले झाले नाहीत याचे कारण हेच : नव्या अस्त्राचा परिणाम मोजता यावा म्हणून शहर अभंग राखून ठेवले होते. युद्धमंत्री हेन्री स्टिम्सन यांनी ते यादीतून काढायला लावले. त्यांनी १९२० च्या दशकात क्योटो पाहिले होते, त्याचा प्रभाव किती आणि युद्धोत्तर जपान सोव्हिएत संघाकडे झुकेल या भीतीचा किती, यावर अभ्यासकांत एकमत नाही. स्टिम्सन यांच्या जुलै १९४५ च्या नोंदींत राजकीय कारण स्पष्टपणे येते, त्यामुळे दुसऱ्या मताला अधिक आधार आहे. शिवाय क्योटोवर बॉम्ब पडलेच नाहीत, हेही खरे नाही : जानेवारीत उमामाची आणि जूनमध्ये निशिजिन या वस्त्यांत माणसे मेली. क्योटो वगळल्यावर त्या यादीत नागासाकीचे नाव आले, हे विसरून क्योटोच्या बचावाचे कौतुक करता येत नाही.

पुनर्बांधणीचे प्रकार : जपानी अभ्यासक उभारलेल्या तेन्शुंचे प्रकार काटेकोरपणे वेगळे करतात. मूळ पुराव्यानुसार, मूळ साहित्यात व पद्धतीने उभारलेला तो ‘फुकुगेन’ (यथामूल). फक्त बाह्यरूप जुने आणि आतून काँक्रीट असेल तर ‘गाइकान फुकुगेन’ (बाह्यरूपाने यथामूल). जागा खरी पण रूप बदललेले असेल तर ‘फुक्को’. आणि जेथे तेन्शु नव्हताच किंवा होता याचा पुरावा नाही तेथे बांधला तर ‘मोगी’ (नमुन्यादाखल). १९५० ते १९७० या दरम्यान उभे राहिलेले बहुतेक तेन्शु यांपैकी दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारात मोडतात : हिरोशिमा व वाकायामा १९५८, नागोया व ओगाकी १९५९, ओकायामा व फुकुयामा १९६६. मितोचा बुरूज पुन्हा बांधलेला नाही.

काँक्रीटची निवड पुढच्या पिढीला खटकली, पण ती करणाऱ्यांची बाजू समजून घ्यायला हवी. शहरे जळताना पाहिलेल्या लोकांना पुन्हा लाकूड नको होते. शहरांच्या मध्यभागी मोठी लाकडी इमारत उभारणे नव्या बांधकाम नियमांत जवळजवळ अशक्य झाले होते, आणि एवढ्या जाडीचे जुने लाकूड मिळत नव्हते. समोर आदर्शही होता : ओसाकाचा तेन्शु १९३१ मध्ये नागरिकांच्या वर्गणीतून काँक्रीटमध्ये उभा राहिला होता आणि भोवतालचे बुरूज जळाले तरी तो युद्धातून टिकला. आत संग्रहालय, लिफ्ट आणि माथ्यावर शहर पाहण्याची जागा हा साचा तेथून सर्वत्र गेला. नागोयाच्या सर्वांत वरच्या मजल्याच्या खिडक्या मूळच्यापेक्षा मोठ्या केल्या, त्या याच कारणाने. फुकुयामाच्या उत्तर बाजूला मूळचे लोखंडी पत्रे १९६६ मध्ये वगळले होते. ते २०२२ च्या नूतनीकरणात पुन्हा बसवले.

लाकडाकडे परतण्याची सुरुवात १९९० च्या दशकात झाली. काकेगावा (१९९४) व ओझु (२००४) हे लाकडी तेन्शु त्यातले. त्यांचा नाश मात्र युद्धाशी संबंधित नव्हता. या संदर्भात इसे देवस्थानाच्या दर २० वर्षांनी होणाऱ्या नवबांधणीचा दाखला वारंवार दिला जातो. तो जपून द्यावा. इसेची नवबांधणी हा पंधराव्या-सोळाव्या शतकांतील शंभराहून अधिक वर्षांचा खंड वगळता चालत आलेला विधी आहे आणि त्यात कारागिरीची परंपरा हातोहात पुढे जाते. तेन्शुच्या बाबतीत ती मध्येच तुटलेली होती आणि कागदांवरून जोडावी लागली.

नागोया : हे कागद किती मोलाचे ठरतात, ते नागोयात सर्वांत चांगले दिसते. तेव्हाचा जपानचा सत्ताधीश तोकुगावा इएयासु याच्या आज्ञेने १६१० मध्ये सुरू झालेल्या या किल्ल्याचा तेन्शु १६१२ मध्ये पूर्ण झाला. त्याचे दगडी जोते कातो कियोमासा या सरदाराने रचले. छपराच्या आढ्यावर दोन टोकांना ‘शाचिहोको’ ही सोन्याने मढवलेली, वाघमुखी माशांची जोडी होती. १९४५ मध्ये हे मासे खाली उतरवण्यासाठी परांची बांधलेली होती आणि आगलावे बॉम्ब तिच्यात अडकून आग लागली, असे सांगितले जाते.

किल्ला १९३० मध्ये राजघराण्याकडून शहराकडे आला आणि १९३२ पासून त्याची मोजणी सुरू झाली. मनोरा, राजवाडा, दारे, खांब, छताच्या चौकटी, खिळे झाकणारी धातूची फुले या सर्वांचे मोजमापासह तीनशेहून अधिक नकाशे तयार झाले आणि सातशेच्या आसपास काचपट्ट्यांवर छायाचित्रे घेतली गेली. तेव्हा ते रोजचे कंटाळवाणे काम वाटले असेल. वास्तू जळल्यानंतर तेवढेच उरले. राजवाड्यातील सरकत्या दारांवरची व छतांवरची चित्रेही बॉम्बफेकीपूर्वी सोडवून हलवली होती. त्यामुळे हजाराहून अधिक चित्रफलक वाचले.

याच आधारावर १६१५ चा ‘होनमारू’ (बालेकिल्ल्यातील) राजवाडा २००९ पासून हिनोकी (जपानी सायप्रस) लाकडात पुन्हा बांधला गेला आणि जून २०१८ मध्ये पूर्ण खुला झाला. वाचलेली मूळ चित्रे तेथे लावलेली नाहीत. चित्रकारांनी मूळ रंगद्रव्यांचा अभ्यास करून, चित्रे नवी असताना जशी दिसत असतील तशा प्रती केल्या. स्वागतकक्षात शिरल्यावर सोनेरी वर्खावरचे वाघ-बिबटे जवळजवळ डोळे दिपवतात. काळाने मंदावलेल्या मूळ चित्रांची सवय असलेल्यांना हे भडक वाटते. पण सरदारांवर दरारा बसवण्यासाठी काढलेल्या चित्रांचा परिणाम असाच असणार, हे मान्य करावे लागते.

तेन्शुचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. भूकंपापुढे १९५९ ची इमारत अपुरी ठरल्याने ती मे २०१८ मध्ये लोकांसाठी बंद झाली. ती पाडून यथामूल लाकडी तेन्शु उभारण्याचा महापालिकेचा बेत दोन ठिकाणी अडला. पहिला अडथळा जोत्याचा : १९४५ च्या उष्णतेने त्यातले दगड तडकले आहेत, आणि मूळ अवशेष तर तेच. दुसरा लिफ्टचा. यथामूल तेन्शुत लिफ्ट नसणार, म्हणजे चाकाच्या खुर्चीवरील माणसाला वरचे मजले कायमचे बंद. १९५९ च्या इमारतीत लिफ्ट होती. २०२३ मधील एका सार्वजनिक चर्चेत लिफ्ट मागणाऱ्या अपंग नागरिकांविषयी अपमानास्पद उद्गार निघाले आणि वाद चिघळला. वास्तूचे यथामूलत्व जपताना आजच्या नागरिकाला दाराबाहेर ठेवणे प्रस्तुत लेखकाला पटत नाही.

मंदिरे व देवस्थाने : टोकियोतील सेन्सोजी मंदिर १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीतून वाचले होते. म्हणून १० मार्च १९४५ च्या रात्री कान्नोनच्या (अवलोकितेश्वराच्या) भरवशावर लोक पुन्हा त्याच आवारात धावले, आणि या वेळी १६४९ चा मुख्य मंडप व पाचमजली पॅगोडा दोन्ही जळाले. आश्रयाला आलेल्यांपैकी अनेक जण गेले. मंडप १९५८ मध्ये काँक्रीटमध्ये उभा राहिला, पॅगोडा १९७३ मध्ये, तोही जुन्या जागेच्या विरुद्ध बाजूला. मंडपाच्या छपरावरील कौले २०१० पासून टिटॅनियमची आहेत. आवारातला जुना गिंको वृक्ष खोडावर काळा जळका व्रण घेऊन अजून दर वसंतात पालवतो.

ओसाकाच्या शितेन्नोजीची परंपरा ५९३ पर्यंत मागे नेतात. तेथील पॅगोडा १९३४ च्या वादळात पडला, १९४० मध्ये बांधला आणि पाच वर्षांत, मार्च १९४५ मध्ये जळाला. युद्धोत्तर बांधणीपूर्वी झालेल्या उत्खननात दरवाजा, पॅगोडा, मुख्य मंडप व व्याख्यानमंडप एका रेषेत असल्याची प्राचीन मांडणी स्पष्ट झाली. त्यामुळे १९६३ मध्ये पूर्ण झालेले काँक्रीटचे मंदिर आराखड्याने मात्र अस्सल आहे. सेंदाई येथील दाते मासामुने या सरदाराच्या समाधीमंदिराचेही असेच : १९७९ च्या पुनर्बांधणीपूर्वी खोदकाम झाले आणि त्याचे अवशेष मिळाले.

शिंतो देवस्थानांपुढे पैशाची अडचण वेगळी होती. डिसेंबर १९४५ च्या आदेशाने त्यांचा सरकारी आश्रय संपला आणि सारी मदार वर्गणीवर आली. टोकियोतील मेजी देवस्थान (स्थापना १९२०) एप्रिल १९४५ मध्ये जळाले. ते काँक्रीटचे करावे की लाकडाचे, यावर वाद होऊन लाकूड ठरले आणि १९५८ मध्ये काम झाले. नागोयाचे आत्सुता देवस्थान १९५५ मध्ये पुन्हा उभे राहिले.

शुरी : ओकिनावातील शुरी हा र्युक्यु राजांचा किल्ला. त्याच्याखाली जपानी ३२ व्या सैन्याने मुख्यालयाची भुयारे खोदली आणि मे १९४५ अखेर अमेरिकन तोफांच्या माऱ्यात तो जमीनदोस्त झाला. १९५० पासून त्या जागी विद्यापीठ होते. मुख्य प्रासाद १९९२ मध्ये लाकडात पुन्हा उभा राहिला. त्यासाठी १७६८ च्या दुरुस्तीतील मापे, युद्धपूर्व दुरुस्तीचे नकाशे आणि योशितारो कामाकुरा यांची टिपणे उपयोगी पडली. १९२० च्या दशकात हाच प्रासाद पाडण्याचे ठरले होते. तेव्हा कामाकुरा व वास्तुतज्ज्ञ चुता इतो यांनी तो वाचवला होता. नव्या प्रासादात जमिनीतील काचेतून जुन्या जोत्याचे दगड दिसत. २००० मध्ये जागतिक वारसा म्हणून नोंद झाली ती या अवशेषांची, वरच्या प्रासादाची नव्हे. ३१ ऑक्टोबर २०१९ च्या पहाटे प्रासाद पुन्हा जळाला. आगीचे कारण निश्चित झाले नाही. सध्याच्या बांधणीत मुख्य प्रासाद २०२६ च्या शरद ऋतूत पूर्ण करण्याचे योजले आहे.

ओकायामा : काळ्या भिंतींमुळे ‘कावळा किल्ला’ म्हणून ओळखला जाणारा हा किल्ला उकिता हिदेइए याने १५९७ मध्ये पूर्ण केला. तेन्शु काँक्रीटचा असला तरी दोन जुने बुरूज शाबूत आहेत. नदीपलीकडचे कोराकुएन उद्यानही त्याच हल्ल्यात होरपळले व नंतर पूर्ववत केले गेले. पुण्यातील सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान याच कोराकुएनच्या धर्तीवर, पुणे-ओकायामा मैत्रीतून साकारले आहे.