निवळी म्हणजे गाळलेलं पाणी नव्हे

शाळेत नळीने फुंकर घातली की दुधाळ व्हायची ती चुन्याची निवळी आठवते? चुना पाण्यात फारच थोडा विरघळतो, २० अंश सेल्सिअसला लिटरमागे जेमतेम १.७ ग्रॅम. बाकीचा तळाशी बसतो. तो साका न ढवळता वरचं नितळ पाणी अलगद ओतून घेतलं की झाली निवळी. प्रयोगशाळेत हिलाच सुपरनेटंट म्हणतात. (निवळी नावाचं झाडही आहे. त्याची बी भांड्याला आतून घासून गढूळ पाणी निवळवायची जुनी रीत आहे.)

गाळणकागदातून खाली उतरतं ते फिल्ट्रेट, म्हणजे गाळीव द्रव. दिसायला दोन्ही सारखीच स्वच्छ, म्हणून विद्यार्थी वहीत एकाच्या जागी दुसरं लिहून मोकळे होतात. मला ही चूक किरकोळ वाटत नाही.

निवळीत काय राहील हे कणाची घनता, आकार आणि आपण दिलेला वेळ ठरवतात. कणाचा व्यास दहापट लहान असेल तर तो शंभरपट सावकाश खाली बसतो, म्हणून सेंट्रिफ्यूज, म्हणजे नळ्या गरगर फिरवून कण तळाशी बसवणारं यंत्र लागतं. द्रवाहून हलके कण तर कितीही फिरवा, वरच येतात. दुधावर साय धरावी तसे.

गाळणीला वजनाशी कर्तव्य नाही, ती फक्त छिद्र ओळखते. व्हॉटमन या कंपनीचा १ क्रमांकाचा गाळणकागद साधारण ११ मायक्रोमीटरचे कण अडवतो. एक-दोन मायक्रोमीटरचे जिवाणू त्यातून सहज निसटतात. ते अडवायला ०.२२ मायक्रोमीटरचा पडदा लागतो. सेंट्रिफ्यूजमध्ये नीट फिरवलेल्या कल्चरच्या, म्हणजे जिवाणू वाढवलेल्या द्रवाच्या निवळीत मात्र जिवाणू फार थोडे उरतात, तरी चुकार पेशी असतातच.

१८९२ साली दिमित्री इव्हानोव्स्की यांनी तंबाखूच्या रोगट पानांचा रस जिवाणू अडवणाऱ्या चिनी मातीच्या गाळणीतून काढला. तरीही रसातला संसर्ग गेला नाही. जिवाणूहून सूक्ष्म असं काहीतरी असल्याचा तो पहिला माग होता, त्यालाच आपण आज विषाणू म्हणतो. त्यांनी नुसती निवळी घेतली असती तर ‘चार जिवाणू राहिले असतील’ असं म्हणून कुणीही विषय संपवला असता.

म्हणून निवळी लिहिताना किती वेळ, किती ‘जी’वर, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट जोराने फिरवलं ते लिहावं. गाळीव लिहिताना छिद्राचं माप लिहावं.