बर्फ की शेगडी? बाळंतिणीच्या टाक्यांचं तापमानशास्त्र

दवाखान्यात नर्स टाक्यांवर धरायला कापडात गुंडाळलेला बर्फ देते आणि घरी आल्या आल्या आजी बाजेखाली शेगडी सरकवते. बर्फाचं ऐकून आजीचा जीव वर-खाली होतो, "ओल्या बाळंतिणीला गारवा? अगं, वात धरेल!" शेगडीचं ऐकून डॉक्टर कपाळाला हात लावतात. खरं तर बर्फही बरोबर आहे आणि शेकही. घोळ होतो तो दिवसांचा आणि अंशांचा.

यासाठी आधी मिरचीकडे जावं लागेल. मिरचीतल्या कॅप्सेसिन या तिखट द्रव्यामुळे आग नेमकी कशी होते, याचा माग काढताना १९९७ साली सॅन फ्रान्सिस्कोत डेव्हिड ज्युलियस आणि सहकाऱ्यांना मज्जातंतूंच्या टोकांवरचं एक प्रथिन सापडलं. आज त्याला टीआरपीव्ही१ म्हणतात. चार सारखे तुकडे एकत्र येतात आणि मधोमध एक छिद्र तयार होतं, एरवी बंद असलेलं. कॅप्सेसिन चिकटलं की ते उघडतं, कॅल्शियम आणि सोडियमचे आयन आत घुसतात आणि मेंदूकडे निरोप जातो: भाजलं! पण मिरची नसताना नुसतं तापमान साधारण ४३ अंश सेल्सियसच्या वर गेलं, तरी हेच छिद्र उघडतं. म्हणजे ठेचा खाल्ल्यावर तोंड भाजतं असं आपण म्हणतो, ते मज्जातंतूंच्या लेखी शब्दशः खरं आहे. (पक्ष्यांमधल्या या प्रथिनाला कॅप्सेसिन जवळजवळ कळतच नाही. पोपट मिरच्या मजेत खातो तो त्यामुळे.) ज्युलियस यांना या कामासाठी २०२१ चं नोबेल मिळालं, आर्डेम पटापुटियन यांच्यासोबत.

मला या प्रथिनाचं खरं वेड लागलं ते पुढच्या भागामुळे. ४३ ही काही दगडावरची रेघ नाही. ऊतींना इजा झाली, टाके पडले, की तिथे सूज येते आणि प्रोस्टाग्लँडिन, ब्रॅडिकायनिन अशी रसायनं जमतात. त्यांच्यामुळे पेशीतली कायनेझ नावाची विकरं जागी होतात आणि टीआरपीव्ही१ वर फॉस्फेटचे गट चिकटवतात. त्याने छिद्र उघडण्याचा उंबरठा खाली येतो, कधी कधी तर शरीराच्या ३७ अंशांच्याही खाली. म्हणजे बाहेरून काहीही गरम लावलेलं नसताना अंगची ऊबच भाजल्यासारखी वाटू शकते. उन्हाने होरपळलेल्या पाठीवर कोमट पाणी घेतलं तरी चटका का बसतो, याचंही उत्तर हेच. पहिल्या दिवशी टाक्यांचा ठणका बर्फाने कमी होतो, त्यामागे हे एक कारण आहे. आयबुप्रोफेनसारखी गोळी प्रोस्टाग्लँडिन बनणंच कमी करते आणि उंबरठा पुन्हा वर जायला मदत करते. बर्फाने जखम लवकर भरते असं मात्र नाही. ठणका कमी होतो, एवढंच.

दिवस-दोन दिवसांत सूज उतरू लागली की चित्र पालटतं. ४३ च्या बऱ्याच खालची सुखद ऊब वेगळे संवेदक टिपतात. ती रक्तवाहिन्या रुंदावते, आखडलेले स्नायू सैल करते. म्हणून मग कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटं बसायला सांगतात. पाणी किती कोमट? बाळाच्या आंघोळीचं पाणी कोपराने बघतो, तितपत. बाळ प्यायला लागलं की ऑक्सिटोसिन हे संप्रेरक स्रवतं, गर्भाशय आवळतं आणि ओटीपोटात कळ येते. तिलाही गरम पाण्याच्या पिशवीचा उतारा पडतो (सिझेरियन असेल तर ओल्या टाक्यांवर पिशवी नको). पण शेकाने "गर्भपिशवी आत जाते", "पोट बसतं", हे खरं नाही. सुमारे किलोभराचं गर्भाशय सहा आठवड्यांत शंभर ग्रॅमच्या आत येतं ते आपलं आपण, शेगडी असो वा नसो.

जखम भरायला ऊब लागते, यात तथ्य आहे. ऊबेत हिमोग्लोबिन ऑक्सिजन सहज सोडतं आणि पांढऱ्या पेशींना जंतू मारायला तो लागतोच. १९९६ साली आतड्याच्या शस्त्रक्रियेच्या २०० रुग्णांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेदरम्यान ज्यांचं अंग उबदार राखलं त्यांच्यात जखमेचा संसर्ग ६ टक्के होता, बाकीच्यांत १९ टक्के. पण ही ऊब पांघरुणाची, निखाऱ्यांची नव्हे. आणि शेकून टाके कोरडे ठणठणीत करायचे, ही तर उलटीच तऱ्हा. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलं होतं, की ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा खपली धरलेल्या जखमेच्या जवळपास दुप्पट वेगाने येते. नव्या पेशींना सरकत पुढे जायला ओलावा लागतो. हल्ली शहरांत "डिटॉक्स शेक" म्हणून मालिशवालीसकट पॅकेजं विकतात, त्यातून कुठलं विष बाहेर पडतं हे कोणी सांगत नाही.

भाजण्याचं गणितही सरळ नाही. १९४७ साली मोरिट्झ आणि हेन्रिकेझ यांनी मोजलं: ४४ अंशांना त्वचा भाजायला सुमारे ६ तास लागतात, त्यापुढे ५१ पर्यंत दर अंशाला हा वेळ साधारण निम्मा होतो आणि ६० ला तर काही सेकंदच पुरतात. पाठीत भूल दिलेली असेल तर ती पूर्ण उतरेपर्यंत चटका कळतच नाही. तोवर पिशवी लावू नये.

आणि शेगडी. दारं-खिडक्या लावून, फटींत कापडाचे बोळे कोंबून कोळसे धुमसत ठेवले, की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग ना वास. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. एसटीत रुमाल टाकून जागा धरावी तशी तो जागा धरतो आणि ऑक्सिजन फलाटावरच राहतो. टाक्यांना ऑक्सिजन मिळावा म्हणून शेक, आणि शेकणाऱ्या कोळशानेच तो हिरावून घ्यायचा! धुरीतला ओवा आणि धूप यावर काही करू शकत नाहीत. उलट त्यांचा वास आला म्हणजे हवा शुद्ध झाली असं वाटतं. त्याच खोलीत, त्याच बाजेवर बाळ असतं आणि त्याचा श्वास मिनिटाला ४० च्या आसपास चालू असतो, आईच्या दुपटीहून जास्त.